हिराबाईचं पान

तंजावूरच्या राजवाड्यामागच्या गल्ल्यांत कनकलता मेलेल्या बायकांच्या पानावर बसून जेवायची. ऐकून अंगावर काटा आला तर येऊ दे. जेवताना तिच्याही यायचा, आणि तरी ती जायची.

रीत अशी. घरात लग्नमुंज निघाली की त्या घरातून अहेवपणी गेलेली, म्हणजे नवरा जिवंत असताना मेलेली जी बाई असेल, तिला आधी जेवू घालायचं. सवाष्णी बोलवायच्या. माजघरात पाट, समोर केळीचं पान, पाटावर नवं लुगडं घडी करून ठेवलेलं. पान पूर्ण वाढायचं, दार ओढून घ्यायचं आणि सगळ्यांनी बाहेर गुपचूप उभं राहायचं. आत ती येते, लुगड्याला हात लावते, जाते. मग दार उघडायचं, सवाष्णींपैकी एकीला ते लुगडं नेसवायचं आणि त्याच पाटावर बसवायचं. इथवर तमिळ घरांतही थोड्या फरकानं चालतं. पण या दोन-चार गल्ल्यांतल्या मराठी माणसांनी वर आपली भर घातली होती. पाटावर बसलेली बाई हात धुवेपर्यंत ती मेलेलीच. तिला मेलेलीच्या नात्यानं हाक मारायची. तिनं स्वतःचं नाव काढायचं नाही, आपल्या घरचं अवाक्षर बोलायचं नाही. शेवटी घरच्या कर्त्यानं हात जोडून विचारायचं, "पोट भरलं का?" तिनं म्हणायचं, "भरलं." की कार्याला सुरुवात.

बहुतेक बायका ते "भरलं" गाडी सुटत असल्यासारख्या उरकायच्या. कुणाला हौस आहे? आणि लोकांची तरी कमाल! त्या बाईनं जन्मभर सगळ्यांची उष्टी काढून मागाहून गार भात खाल्ला तेव्हा कुणी ढुंकून पाहिलं नाही. मेल्यावर मात्र तूप वाढून, हात जोडून, पोट भरलं का. या प्रश्नाची वेळ चुकली हे सांगायला ती परत येत असेल, तर तिचं काही चुकत नाही.

कनकलतेला घाई नसायची. पहिल्यांदा ती बाळकृष्णरावांच्या घरी बसली, त्यांच्या बायकोच्या पाटावर. त्या बाईला तिनं लांबूनही पाहिलेलं नव्हतं. जेवता जेवता तिनं भाजीतली वांग्याची एक फोड बोटानं मिठाजवळ सारली आणि म्हणाली, "ही राहू दे. मागाहून खाईन." बाळकृष्णरावांच्या हातातलं तुपाचं भांडं सुटलं. त्यांची बायको रोज अशीच एक फोड बाजूला काढायची, सगळे उठल्यावर परसात एकटी बसून खायची. लग्न होऊन आली तेव्हापासूनची खोड. घराबाहेर कुणाला ठाऊक नव्हती.

"तुज कुणी सांगितलं गे?" बायकांनी तिला विहिरीपाशी गाठलं.

"कुणी नाही. बोट आपणहून गेलं."

तेव्हापासून तिला बोलावणी येऊ लागली. कनकलता ज्या घरी बसायची त्या घरची मेलेली नुसती यायची नाही, बोलायची. कुणाची आत्या तिच्या तोंडून पुटपुटायची, कुणाची काकू डाव्या हातानं पदर सारखा सारखा ओढायची. कोणी म्हणायचं अंगात येतं. कोणी म्हणायचं, ही कोपऱ्यात बसणारी बाई, हिच्यासमोर लोक बिनधास्त बोलतात, कधीतरी ऐकलेलं आत राहत असेल. खरं काय ते तिलाही सांगता आलं नसतं. एवढं मात्र तिला पक्कं ठाऊक होतं की त्या एका दुपारी घर तिच्या तोंडाकडे बघतं. काय आवडलं, काय टाकलं, अजून वाढू का. तेवढ्यासाठी ती मेली असती. एका अर्थानं मरतच होती.

कारण तिच्या स्वतःच्या घरात तिच्याशी कुणी बोलत नव्हतं.

नवरा वरुणराव, तालुका कचेरीत कारकून. मूल नाही. सासू हिराबाई अहेवपणी गेली, सासरे तिच्या मागोमाग. एका लग्नात कनकलतेच्या थोरल्या भावानं वरुणरावांच्या मोपेडची टिंगल केली. "आमचे मेव्हणे वडवारू नदीच्या पुलावर मोपेड ढकलत नेतात. बैल विकत घ्यायचा नि गाडी आपण ओढायची!" मांडव हसला. कनकलताही हसली, ओठ मिटता मिटता निसटलेलं हसू. वरुणरावांनी ते पाहिलं. त्या दिवसापासून त्यांनी बायकोशी बोलणं टाकलं.

आरडाओरडा नाही, मारणं नाही. नुसतं बंद. आधी ती रडली, पाया पडली, नणंदेला मध्ये घातलं. मग तिनं टंबलरची भाषा शिकून घेतली. पितळी टंबलर, म्हणजे कॉफीचा पेला, जमिनीवर एकदा आपटला तर कॉफी. दोनदा आपटला तर पाणी. फरशीवरून खर्र ओढला तर जेवण वाढ. बाहेर वरुणराव चांगले बोलके. पण घरात पाऊल टाकलं की टक. टकटक. खर्र. चौऱ्याण्णव साली ते निवृत्त झाले नि घरात केबल आली. मग ते टीव्हीशी बोलू लागले. बातम्या देणाऱ्या बाईला म्हणायचे, "असं होय? मग पुढं काय?" क्रिकेटवाल्यांना शिव्या घालायचे, मालिकेतल्या सुनेला सल्ला द्यायचे. स्वयंपाकघरात कनकलता ऐकायची. मधूनच त्या काचेतल्या बाईशी गोड बोलत असताना हात न हलवल्यासारखा हलायचा. टक.

समोरच्या घरातली लक्ष्मीप्रिया मुलींच्या शाळेत गणित शिकवायची. तिशी आली तरी लग्न केलेलं नव्हतं, आणि त्यावर कुणी तोंड उघडलं की त्याला जागीच गप्प करायची. मे महिन्यात शाळेनं तिला कोइम्बतूरला एका शिबिराला धाडलं, कारण दुसरं कुणी जायला तयार नव्हतं. ती परत आली ती ट्रान्झॅक्शनल ॲनालिसिस असलं लांबलचक नाव घेऊन. गल्ली खूप हसली. "टीचरम्मा आता मनाचीही बेरीज-वजाबाकी शिकवणार!"

एका दुपारी कनकलता कुणाच्या तरी आजीच्या पानावर जेवून परत येत होती. बगलेत लुगडं, चेहरा नव्या नवरीसारखा. दारात पाऊल ठेवलं नि आतून टक. चेहरा जागीच मिटला. समोरच्या ओट्यावरून लक्ष्मीप्रियानं हे बघितलं. नवऱ्याला कॉफी देऊन कनकलता बाहेर आली तेव्हा लक्ष्मीप्रिया रांगोळीचा डबा घेऊन तिच्या उंबऱ्याशी बसलेली होती.

"मामी, इकडे या."

तिनं तांदळाच्या पिठानं तीन वर्तुळं काढली, एकावर एक. "हे वरचं. यात आपली मोठी माणसं. आईबाप, सासू, मास्तर. ज्यांनी ज्यांनी हे कर, ते नको म्हटलं ते सगळे इथं ठाण मांडून आहेत. हे खालचं म्हणजे पोर. रुसतं, भितं, खिदळतं. हे मधलं आजचं माणूस. समोर काय आहे ते बघतं आणि सरळ बोलतं. प्रत्येकाच्या आत ही तिघं असतात."

"आणि मेलेली कुठं असतात?"

लक्ष्मीप्रियाचं बोट वर्तुळांवरून फिरलं. शिबिरात हे कुणी विचारलं नव्हतं. "वरच्यात," ती म्हणाली. "मेली तरी तिथून उठत नाहीत."

"तेच तर मी सांगत्ये. मज वेडी म्हणतात."

"मामी, अन्न लागतं तशी माणसाला दखल लागते. कुणीतरी आपल्याकडे बघावं, नाव घ्यावं, अगदी काही नाही तर शिवी तरी द्यावी. चांगली मिळाली नाही तर माणूस वाईट घेईल, पण उपाशी राहणार नाही. तो टंबलर तुम्ही इतकी वर्षं का ऐकता? वाजतो तो तुमच्यासाठी, म्हणून. आणि त्यांना तरी पाठ फिरवून बसायला मागे तुम्ही हव्याच ना? रिकाम्या घरात रुसता येत नाही."

कनकलता सांडलेलं पीठ बोटानं गोळा करू लागली.

"आणि ती पानं," लक्ष्मीप्रियाचा आवाज जरा उतरला. "तिथं जे मिळतं ते तुमच्या नावचं नसतं, मामी. जेवता तुम्ही, पोट भरतं दुसरीचं."

"माझ्या पोटातलं तुज काय ठाऊक?" कनकलता ताडकन उठली. पदरानं वर्तुळं विस्कटली. पण दार लावताना पाठमोरीच म्हणाली, "मग करायचं काय ते तरी सांग."

"मधल्या वर्तुळातून एक साधं वाक्य बोला. रडू नका, समजूत घालू नका. समोरचं तेवढं बोला."

दुसऱ्या दिवशी दुपारी टक झालं. कनकलता दारात उभी राहिली. "अहो, कॉफी हवी तर तसं सांगा. मी ऐकत्ये."

वरुणराव टीव्हीकडे बघत होते. टक.

"सांगा. करत्ये लगेच."

टक. मग टक. मग थांबेचना. कुणीतरी घराला खिळा ठोकत असावं तसं, एकाच लयीत, राग नाही, घाई नाही. ती खांबाला टेकून उभी राहिली. टीव्हीत कुठलीशी मॅच चालू होती, तिथले लोक टाळ्या वाजवत होते, आणि इकडे टक. ऊन अंगणातून भिंतीवर चढलं. टंबलरच्या बुडाखाली फरशीवर पांढरा चट्टा पडला. त्यांचा हात दमेना. आणि मग कनकलतेच्या घशात काहीतरी चढून आलं.

आधी खोकला. कोरडा, तोकडा, बोलण्याआधी घसा झाडायचा तसा. मागाहून आवाज. "वरुणा रे. असं वाजवू नये. हातास लागेल."

टंबलर हवेतच थांबला.

वरुणरावांनी मागे वळून पाहिलं नाही. त्यांचे खांदे मात्र खाली आले, मान लहान झाली. आणि इतक्या वर्षांत जो आवाज त्या घरात तिच्या दिशेनं आला नव्हता तो आला, पण बारीक, नाकातून, तक्रारीचा.

"मज कॉफीच नाही दिली, आई."

कनकलतेनं तोंडावर हात दाबला. हिराबाई बोलण्याआधी अशीच खोकायची. सुनेशी जन्मभर हुकमाशिवाय बोलली नाही, पण मुलासाठी जिभेवर साय असायची. तीच साय आता कनकलतेच्या जिभेवर होती, आणि ती हातानं पुसता येईना.

तिनं कॉफी केली. नेऊन दिली. "गरम आहे, वरुणा. फुंकून पी." ते फुंकून प्यायले.

आता दुसरी बाई असती तर पळाली असती. कनकलता पळाली नाही. का पळेल? घरात बोलणं सुरू झालं होतं! "आज काय खाशील, वरुणा?" "डोसा." "पडसं झालं का रे?" "थोडंसं." दुपारभर दोघं बोलत. गल्लीतून जाणाऱ्यांना वाटे, सुटला एकदाचा अबोला. टीव्ही बंद राहू लागला. टंबलर फडताळात गेला. वरुणराव फरशीवर मांडी घालून बसत आणि डोकं पुढे करत, आणि कनकलता त्यांच्या पांढऱ्या केसांना तेल लावी. पण ते वर बघत नसत. तिचा चेहरा दिसेल अशी मान करत नसत. डोळे मिटून बोलत, किंवा भिंतीकडे बघून.

एकदा तेल लावता लावता तिनं धीर केला. खोकला गिळला आणि स्वतःच्या आवाजात म्हणाली, "अहो, उद्या देवळात जाऊ या का?"

वरुणरावांचं अंग लाकूड झालं. ते उठले, फडताळ उघडलं, टंबलर काढला. टक.

तिनं पुन्हा प्रयत्न केला नाही.

वर्ष असंच गेलं. त्या वर्षात कनकलतेचं काय झालं ते गल्लीला हळूहळू दिसलं. ती हिराबाईसारखी काठ वर खोचून नेसू लागली. एकटी असली तरी बोलण्याआधी खोकू लागली. पानावर बसायची बोलावणी आली तर "मज कुठं वेळ आहे, वरुणाचं जेवण आहे," म्हणू लागली. दूधवाला दारात "मामी, मामी" म्हणून घसा फोडायचा, ती समोर उभी असून बघत राहायची, कुणाला हाक मारतोय हा. आणि एकदा लक्ष्मीप्रियाशी बोलताना म्हणाली, "आमची सून हसली हो मांडवात. वरुणाचं मन फार कोवळं."

लक्ष्मीप्रियाच्या हातातली शाळेची पिशवी गळून पडली.

"मामी. तुमची सून कोण?"

 कनकलतेच्या डोळ्यांत पाणी जमलं, आणि त्या पाण्यामागून कुणीतरी बाहेर यायला धडपडत असावं तसं बघत राहिली.

"माझं चुकलं," लक्ष्मीप्रिया म्हणाली. ही मुलगी असलं कधी म्हणत नसे. "मी सांगितलं मधल्या वर्तुळातून बोला. तुम्ही वरून बोललात, ते खालून बोलले. आई नि पोर. इकडून हाक, तिकडून ओ, ही रेघ सरळ जाते, मामी. अशी रेघ आपणहून तुटत नाही, जन्मभर चालते. ती तुम्हीच आडवी कापायची. नाहीतर तुम्ही उरायच्या नाहीत."

"कापली तर पुन्हा टंबलर आहे," कनकलता म्हणाली. हा आवाज तिचा होता. "तुज काय? शिकवून मोकळी. मज घरात बोलणं हवं गे. कुणाशी का असेना."

शहाण्णव साली वरुणरावांना साठ वर्षं पुरी होत होती. साठीशांत म्हणजे इकडे दुसरं लग्नच. होम, मुंडावळ्या, नवऱ्यानं बायकोला पुन्हा मंगळसूत्र बांधायचं, आणि संकल्पात भटजींमागोमाग तिचं नाव मोठ्यानं घ्यायचं. पापनाशमहून त्यांची धाकटी बहीण सुंदरी आठवडाभर आधी येऊन थडकली. ही बाई बोलू लागली की भांडीसुद्धा लक्ष देत. कार्याच्या आदल्या दिवशी हिराबाईचं पान घालायचं ठरलं. पाटावर कोण बसणार, एवढाच प्रश्न होता.

"हीच बसेल," वरुणराव भिंतीकडे बघून म्हणाले.

"वैनी? अण्णा, घरची सून घरच्या पाटावर बसत नाही. बाहेरची सवाष्ण लागते."

"आई हिच्यातच येते. मज ठाऊक आहे."

सुंदरी हसली. मग भावाचा चेहरा बघून तिचं हसू आटलं. "अरे, एक दिवस आई म्हणून हिच्या पाया पडशील, नि दुसऱ्या दिवशी हिच्याच गळ्यात मंगळसूत्र बांधशील? शरम आहे का तुज?"

वरुणरावांनी भिंतीवरची नजर काढली नाही. मग अगदी सहज, नको असलेली भाजी परत करावी तसं म्हणाले, "मग मंगळसूत्र राहू दे. पान घालू."

स्वयंपाकघरात कनकलता नारळ खवत होती. तिचा हात चालूच राहिला. बोट खवणीला लागून किसावर लाल थेंब पडले तरी चालू राहिला. तिला कळलं, नवऱ्यानं आताच निवड केली. तिचं नाव घ्यायचं, की आईला परत आणायचं. आणि आई निवडली.

सुंदरी हटली नाही. भटजींना मध्ये घातलं, रडली, पापनाशमला परत जाते म्हणाली. शेवटी तिनं आपल्या मनानं अखिलाला बोलावलं. गल्लीच्या टोकाला बँकेतल्या साहेबाची नवी बायको भाड्यानं राहायची, ती ही. माहेर मद्रासला. मूळची मराठी, पण आजीबरोबर मराठी गेली, आता दोन वाक्यं सलग येत नव्हती. हिराबाईला तिनं पाहणं शक्यच नव्हतं. "बघू," वरुणराव पुटपुटले, "कुणात येते ते."

दुसऱ्या दिवशी टळटळीत दुपारी पान वाढलं. दार ओढलं. सगळे बाहेर उभे. लक्ष्मीप्रियाही आली होती, खांबाला पाठ लावून. आत काही वाजलं नाही. फक्त कनकलतेच्या घशात खोकला जमत होता आणि ती तो गिळत होती, पुन्हा पुन्हा, पाण्याच्या घोटासारखा.

दार उघडलं. अखिलाला लुगडं नेसवून पाटावर बसवलं. बिचारी भेदरलेली. घाम फुटलेल्या बोटांनी चार घास खाल्ले. तूप वाढायला कनकलता शेजारी उभी. वरुणराव समोर हात जोडून बसले.

"आई, पोट भरलं का?"

"भरलं," अखिला तमिळ वळणानं म्हणाली.

भटजींनी पुढचं सांगायला तोंड उघडलं. वरुणरावांनी हात वर केला. ते अखिलाकडे बघतच नव्हते. त्यांनी मान वर केली होती, आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा तूप वाढणाऱ्या बायकोच्या चेहऱ्याच्या दिशेनं बघत होते. चेहऱ्याकडे नाही, त्याच्या मागे कुणी उभं असावं, तिकडे.

"ही नव्हे. तू सांग, आई. भरलं का?"

  कनकलतेचा खोकला वर आला होता, जिभेपर्यंत, मागोमाग ती मऊ साय. एक शब्द, आणि संध्याकाळी घरात बोलणं असणार होतं. उद्याही. मरेपर्यंत. लक्ष्मीप्रिया खांब सोडून पुढे आली आणि जागीच उभी राहिली. हे तिच्या शिबिरातलं गणित नव्हतं. इथं कुणी बोट धरून नेण्यासारखं नव्हतं.

कनकलतेनं तुपाचं भांडं खाली ठेवलं.

"त्यांचं मज माहीत नाही," ती म्हणाली. आवाज चिरका, बिनवापराचा, पण तिचा. "माझं भरलं नाही. सकाळपासून मी जेवले नाही. कुणी विचारलं नाही."

वरुणरावांची बोटं जमिनीवर काहीतरी शोधू लागली. तिथं टंबलर नव्हता.

"मी हसले होते," ती म्हणाली. "तुमच्या मोपेडला. वाईट हसले नव्हते. तुम्ही मोपेड ढकलत यायचा तेव्हा मी पुलाकडे तोंड करून ओट्यावर बसायचे. दिसलात की आत पळून कॉफी टाकायचे. ते आठवून हसले."

आणि तेव्हा पाटावरून खोकला आला.

कोरडा, तोकडा. अखिलाचा हात पानातच होता, मान एका बाजूला कललेली. डोळे उघडे, कुणाकडेच न बघणारे. आणि त्या मद्रासच्या मुलीच्या तोंडून जुन्या घरची लांब, हेल काढलेली मराठी आली.

"वरुणा रे. इकडे बघ. माझं पोट भरलं नाही. हिच्याकडे नको बघू, वरुणा."

सुंदरी किंचाळली. "आईच! आईचा आवाज!" भटजी दोन पावलं मागे सरले. वरुणरावांचं तोंड त्या आवाजाकडे वळू लागलं, गाईकडे वासरू वळतं तसं, आधी हनुवटी, मग खांदा, मग अंग. डोळे मिटू लागले. खांदे लहान होऊ लागले. ओठ पुढे आले, आई म्हणायला.

कनकलता हलली नाही. बोलली नाही. ती फक्त होती तिथं उभी राहिली, हाताला तूप लागलेलं, बोटाला आदल्या दिवशीच्या खवणीची चिंधी बांधलेली.

वरुणराव अर्धवट वळून थांबले. एक बाजू आवाजाकडे, एक बाजू तिच्याकडे.  अखिलाच्या तोंडून पुन्हा खोकला आला, आता जवळून, लाडानं. "वरुणा."

"आई," ते म्हणाले. आवाज बारीक निघाला. त्यांनी घसा साफ केला. दुसऱ्यांदा निघाला तो साठ वर्षांच्या पुरुषाचा, गंजलेल्या कुलपासारखा. "आई, जरा थांब. कनकलता बोलते आहे."

अखिलाची मान सरळ झाली. तिनं सगळ्यांकडे पाहिलं आणि तमिळमध्ये विचारलं, "काय झालं? मी काही चुकीचं बोलले का?"  तिच्या हातातला घास पानात पडला आणि ती रडू लागली. सुंदरीनं तिला परसात नेलं.

"बोल," वरुणराव म्हणाले. ते बायकोकडे बघत होते. बघताना त्यांना त्रास होत होता, उन्हात एकदम आलेल्या माणसासारखा. "काय म्हणत होतीस?"

इतक्या वर्षांचं साठलेलं कनकलतेला त्या घटकेला काहीच आठवेना. रुसवा नाही, शिवी नाही, मेलेल्यांच्या पानांवर गिळलेलं काही नाही.

"मज भूक लागली आहे," ती म्हणाली.

वरुणराव उठले. कोपऱ्यातल्या गठ्ठ्यातून त्यांनी केळीचं एक पान ओढलं, त्यावर पाणी शिंपडलं, बरंचसं स्वतःच्या धोतरावर सांडलं. जन्मात कधी पान मांडलेलं नव्हतं. शेंडा उजवीकडे करून मांडलं. भटजींनी हात पुढे केला, ते उलटं आहे सांगायला, तर लक्ष्मीप्रियानं त्यांच्याकडे असं पाहिलं की त्यांचा हात जानव्याकडे गेला.

कनकलता त्या पानावर बसली, आणि नवऱ्यानं भात वाढायची वाट बघू लागली.